खालमानेची सून

ओयनिसाला सून म्हणून आमच्या गल्लीत मीच आणली, हे आधीच सांगून टाकते. लपवालपवीचा मला वीट आलाय. शेजारच्या सओदतला मुलासाठी मुलगी हवी होती. मी इथे उझबेकिस्तानात, मार्गिलानच्या दवाखान्यात नर्स, घराघरांत ओळख. म्हटलं, "ही बघ. मान वर करत नाही, तोंडातून शब्द काढत नाही. दिवा घेऊन शोधलीस तरी अशी मिळायची नाही."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवी सून एकेका पाहुण्याला वाकून सलाम करते. ओयनिसाने शंभरेक सलाम केले, सगळे अगदी एकसारखे, नजर जमिनीवर. बायका म्हणाल्या, काय ही लाज, काय हे वळण. अंगावरचं अटलसचं रेशमी कापड टोचतं म्हणून तिने मानेवर रक्त येईपर्यंत खाजवलं होतं. मी पाहिलं ते. म्हटलं, नवखी आहे.

मग तिचा नवरा रशियात बांधकामावर गेला आणि सओदतची तक्रार सुरू झाली. "घमेंडी आहे गं. मेजवानीत बसत नाही, कान झाकून कोठीत जाते. अंगण रोज त्याच कोपऱ्यापासून झाडते, कुणी आडवं गेलं की परत पहिल्यापासून. माझी बहीण विचारते, मी म्हातारी दिसते का, तर ही म्हणते, हो." मी हसले. त्यात काय हसायचं होतं, कोण जाणे.

ओयनिसाची मुलगी हुलकर चार वर्षांची झाली तरी हाक मारली की वळत नसे. बोट दाखवून काही मागत नसे. तुमचं मनगट धरून तुम्हालाच नानच्या टोपलीपर्यंत नेई. जर्दाळूच्या बिया ओळीने मांडी, एक हलली की किंचाळे. मुलगा असता तर गल्लीने डॉक्टर गाठला असता. ही पडली मुलगी. "परक्याच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही, आईवर गेलीय," म्हणून कौतुकच चाललेलं. मला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. पण बोलायला जीभ रेटली नाही.

सओदतने एक दुआ फुंकणारी म्हातारी आणली. तिने चूळ भरून पाणी पोरीच्या तोंडावर थुंकलं. शिसारी आली, पण मी रुमाल तेवढा पुढे केला. दुसऱ्या दिवशी ओयनिसा कुणाला न विचारता पोरीला घेऊन फरगान्याला डॉक्टरकडे गेली. परतली ती सरळ माझ्याकडे.

"आपा, डॉक्टरीण हुलकरबद्दल विचारत होती. मी प्रत्येक वेळी म्हटलं, मलापण असंच होतं. मग तिने मलाही तपासलं. आम्हा दोघींना ऑटिझम आहे. हुलकरला आत्तापासून शिकवायचं, लोकांत ठेवायचं. कोंडायचं नाही."

सओदतने डॉक्टरचा कागद चुलीत घातला. तिच्या धाकट्या मुलीची सोयरीक चालू होती ना. "घरात वेड आहे म्हटल्यावर कोण दारात उभं राहील?" बघायला बायका आल्या त्या दिवशी तिने हुलकरला मागच्या खोलीत घालून कुलूप लावलं. ओयनिसाला सांगितलं, झोपलीय. आणि चावी माझ्या मुठीत कोंबली. "ओरडली तर तू जा. नर्स आहेस." मी घेतली. आजही मला त्या हाताची किळस येते.

ओयनिसा चहा ओतत होती, आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येक वाटी बरोबर अर्धी. थोरली पाहुणी म्हणाली, "सून असावी तर अशी. नजर वर नाही. घराचं वळण दिसतं."

सओदत नाकाने कांदे सोलायला लागली. "आम्ही लेकीसुनांना पहिलं हेच शिकवतो."

तेवढ्यात मागचं दार कुणीतरी बडवू लागलं. "बकरी आहे," सओदत म्हणाली.

"बकरी नाही, माझी मुलगी आहे," ओयनिसाने किटली खाली ठेवली. "आणि हे वळण नाही. तोंडाकडे बघितलं की मला बोलणं कळत नाही, म्हणून मी खाली बघते. तिचंही तसंच आहे. ती वेडी नाही. मीही नाही."

ती मागे गेली, कुलूप पाहून परत आली. "चावी कुणाकडे आहे?"

माझी आवळलेली मूठ तिला दिसली. तिने हात पुढे केला. "आपा, द्या."

आत पोर दारावर डोकं आपटत होती. आणि मी, तीस वर्षं नर्स राहिलेल्या बाईने, आधी सओदतच्या तोंडाकडे पाहिलं, देऊ का म्हणून.