एका झग्यात सात बाळं

मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे लिहायचं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी घाबरते. पण बिशपसाहेब येण्याच्या आदल्या दिवशी जे झालं, ते विसरायला नको. म्हणून लिहिते.

आमचं चर्च आळेफाट्यापासून थोडं आत आहे. दगडी, लहान, वर पत्रा. तिथे काम करणारी माणसं तीन. पाळकसाहेब नगरकडचे. रविवारी सकाळी आमच्याकडची उपासना झाली की ते मोटारसायकलवर खोडदला जातात आणि दुपारी घोड नदी ओलांडून आंबेगाव तालुक्यातल्या दोन वाड्यांवर. दुसरे घंटाकाका. घंटा वाजवायची, झाडलोट करायची, वेदीवरच्या मेणबत्त्या लावायच्या, हे सगळं त्यांच्याकडे. तिसऱ्या बायबलबाई. मोठी माणसं त्यांना बाई म्हणतात, आम्ही मावशी म्हणतो. घरोघर जाऊन बायकांना वचनं वाचून दाखवणं, आजारी माणसाजवळ बसून प्रार्थना करणं आणि बाप्तिस्म्याचा झगा सांभाळणं, ही त्यांची कामं.

हा झगा आमच्या मंडळीत एकच आहे. पांढरा, गळ्याला लेस लावलेला, मागे नाडीची गाठ. मंडळीतल्या प्रत्येक बाळाचा बाप्तिस्मा त्याच झग्यात होतो. पूर्वी वाड्यांवर पाळक वर्षातून एकदाच यायचे, तेव्हा एकाच दिवशी पाच-सात बाळं रांगेत असायची. पाळक एका बाळाच्या डोक्यावर पाणी घालायचे, की मावशी त्याचा झगा उतरवून पुढच्याला चढवायच्या. शेवटच्या बाळापर्यंत झगा पार भिजलेला असायचा. बोरी बुद्रुकजवळच्या आमच्या वाडीवर माझा बाप्तिस्मा झाला, तेव्हा आम्ही सातजण होतो.

आता उद्या बिशपसाहेब येणार होते आणि माझं दृढीकरण होणार होतं. बाळपणी आपल्या वतीने आईबापांनी जो शब्द दिला, तो मोठेपणी आपण स्वतःच्या तोंडाने द्यायचा आणि बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवायचा, असा तो विधी. त्यानंतरच प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेता येतं. पाळकसाहेबांनी आणखीही एक ठरवलं होतं. ते दुसऱ्या वाडीवर असतील त्या दिवशी आमच्याकडची प्रार्थना मी चालवायची, मी वाचक व्हायचं. पण दृढीकरण झालेलं नसेल तर वाचक होता येत नाही. मागच्या खेपेला बिशपसाहेब आले तेव्हा माझी बारावीची परीक्षा चालू होती. आता हुकलं असतं तर ते पुन्हा कधी येतील, कुणालाच सांगता आलं नसतं. मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. भीतीने नाही, आनंदाने.

शनिवारी दुपारी सगळे चर्चमध्ये होतो. काका बाकं पुसत होते. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, दृढीकरण घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या बाप्तिस्म्याचा फोटो आणायचा, दाराजवळच्या फळीवर लावू. मी घरातली तसबीर काढून आणली होती. मावशींनी ती हातात घेतली, पदराने काच पुसली आणि बघतच राहिल्या.

"ही तू न्हाईस गं."

मला हसू आलं. "मावशी, मागं माझंच नाव लिहिलंय."

"नाव असंल. कान बघ की."

मी बघितलं. झग्यातल्या बाळाच्या कानात बारीक बाळ्या होत्या. माझे कान मी पहिलीत गेल्यावर टोचले. लहानपणी सारखी आजारी असायचे म्हणून आईने ते लांबवलं होतं, आणि टोचले तेव्हा मी सोनाराच्या हाताला चावले होते, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. आमच्या घरात बाराव्या दिवशीच कान टोचलेली एकच मुलगी होती, माझ्याहून महिनाभराने मोठी असलेली माझी चुलतबहीण. तिचाही बाप्तिस्मा त्याच दिवशी झाला, त्याचा फोटो काकूकडे आहे. तेच बाळ, तोच झगा.

मावशी खाली बसल्या. "तू झोपली व्हतीस. तुजी आई म्हणाली, उठवून आणते. तेवढ्यात हिकडं तुज्या नावाचा पुकारा झाला. मी हाताशी व्हतं ते लेकरू झग्यात घातलं. ते अगुदरच झालेलं व्हतं वाटतं." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. "लई गर्दी व्हती रं देवा."

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं. "म्हंजी एकीला दोनदा पाणी, अन् ही पोरगी कोरडीच?"

"तुमी गप बसा भाऊ," मावशी म्हणाल्या.

काका परत बाकं पुसू लागले. बाप्तिस्माच झाला नसेल तर दृढीकरण कसलं? खरं सांगते, मनात एक गोष्ट येऊन गेली. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत माझं नाव आहे. ही तसबीर मी परत पिशवीत घातली तर जगात कुणाला कळणार नाही. मी पिशवीकडे बघितलंही. पण मावशी उठल्या होत्या. त्यांना हे लपवणं माझ्यापेक्षा सोपं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या कामात कुणी खोट काढली नव्हती. तरी त्या तसबीर घेऊन सरळ मागच्या खोलीत गेल्या, जिथे पाळकसाहेब उद्याचं प्रवचन लिहीत होते.

"सायेब, माज्या हातून चूक झालीय."

पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या आईला फोन लावला. आई टोमॅटोच्या तोड्यावर होती, तशीच चिखलाच्या पायांनी रिक्षाने आली. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "साहेब, मी हिला घेऊन आले तवा त्या येळचे पाळक म्हणले, हिचं झालं की. मला वाटलं, मी जायच्या आधीच कुणी हिला नेऊन आणलं आसंल. पाळकापुढं काय बोलायचं?"

"म्हणजे झालं नाही, हेही नक्की सांगता येत नाही," साहेब म्हणाले. "नंतर कधी हिचा बाप्तिस्मा करून घेतला असेल का?"

आईने मावशींकडे बघितलं, मावशींनी आईकडे. दोघींनाही आठवेना.

साहेबांनी कपाटातून जुनं पुस्तक काढलं, पानं चाळली आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "आहे. अशा वेळेसाठी आहे." बाप्तिस्मा एकदाच घ्यायचा असतो, दोनदा देता येत नाही. पण झाला की नाही, याची शंका असेल तर त्याचे वेगळे शब्द असतात. "बिशपसाहेबांना आत्ताच फोन करून सांगतो. ते हो म्हणाले तर आजच करू. नाही म्हणाले, तर मात्र पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागेल."

ते फोन घेऊन बाहेर चिंचेखाली गेले. आम्ही चौघे दारातून बघत होतो. साहेब इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. मग थांबले. मग मोठ्याने हसले. तिथूनच त्यांनी हात वर करून होकार कळवला आणि मी आईला मिठी मारली.

काकांनी बाप्तिस्म्याच्या कुंडात पाणी भरलं. एवढं भरलं की कडेवरून सांडलं. "आता काय कमी पडाया नको," म्हणाले. आईने पाय धुतले. मावशी आणि काका साक्षीदार म्हणून माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. बाळांच्या वेळी प्रश्नांची उत्तरं दुसरेच देतात. मला मात्र साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, सैतानाचा आणि त्याच्या सगळ्या कामांचा तू त्याग करतेस काय? मी इतक्या जोरात "करते!" म्हणाले की पत्र्यावरची कबुतरं उडाली. आई पदर तोंडाला लावून हसली.

मग साहेब म्हणाले, "तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल, तर मी तुझा बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने करतो." गार पाणी तीनदा डोक्यावर आलं आणि मानेवरून पाठीत गेलं. मावशी रडत होत्या. मी त्यांचा हात धरला.

संध्याकाळी चुलतबहिणीला फोन केला. ती म्हणाली, "बया! म्हंजी मी डबल का? सासूला सांगते, आता मला जपून बोलत जा."

रविवारी सकाळी चर्च गच्च भरलं. बिशपसाहेबांनी उपासनेआधी मावशींना आत बोलावून घेतलं. काय बोलणं झालं, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बाहेर आल्या तेव्हा नाक लाल होतं, पण मान ताठ होती. मग आम्ही नऊजण रांगेने पुढे गेलो. मी गुडघे टेकले. बिशपसाहेबांचे दोन्ही हात माझ्या डोक्यावर आले. मला वाटलं होतं तेवढे ते हलके नव्हते, चांगले जड होते. ते काय म्हणणार ते शब्द मी महिनाभर पाठ केले होते, तरी त्या वेळी एकही ऐकू आला नाही. नुसती ऊब लागत होती.

उठले आणि पुढे कुठे जायचं तेच आठवेना. तशीच उभी राहिले, वेड्यासारखी हसत. मागून मावशींनी कमरेत बोट खुपसलं.

"चल की पुढं. तुला वचन वाचायचंय."