तक्रारी कमी झाल्या तेव्हा

कपडे धुण्याची मोठी यंत्रं बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला पोस्टमन म्हणत. पत्रांची पिशवी त्याने जन्मात खांद्याला लावली नव्हती. जिन्याखालच्या खोलीत बसून तो कारखान्याचा मेल सर्व्हर सांभाळायचा. खोलीला खिडकी नव्हती, पंखे मात्र दोन होते: एक त्याला, एक सर्व्हरला. बिघडायचा तो नेहमी त्याचा.

सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर पार म्हातारं झालं होतं. लॉटरी लागल्याचे, टकलावर केस उगवण्याचे, कुठल्याशा श्रीमंत विधवेला वारस हवा असल्याचे मेल इतके कोसळायचे, की खरी ऑर्डर त्यांच्यामागे रांगेत दुपारपर्यंत ताटकळायची. एक दिवस मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं.

"हे निस्तर. नाहीतर मेलचं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. तुझ्या खोलीत स्टेशनरी ठेवता येईल."

मग मी कुठे, हे विचारायची गरजच नव्हती.

त्याने तीन सॉफ्टवेअर आजमावून पाहिली. पहिलं इतकं सोवळं, की बँकेचं पत्रही त्याने दारातून परत पाठवलं. दुसऱ्याला सगळेच पाहुणे वाटायचे. तिसरं शिकणारं होतं. माणसं ज्या मेलवर 'नको'चं बटण दाबतील, तशा मेलना ते पुढच्या वेळी आपणहून कचरापेटी दाखवायचं. पोस्टमनने तेच निवडलं. एकेका विभागाचे मेल नव्या सर्व्हरवर हलवले, जुनं-नवं काही दिवस जोडीने चालवलं, प्रत्येक टेबलापाशी जाऊन बटण दाखवलं, आणि एका सुट्टीच्या दिवशी जुन्याची वायर काढली.

विधवा गेल्या, लॉटरी गेली. ऑर्डरी सकाळी यायच्या त्या सकाळीच दिसू लागल्या. पुढच्या बैठकीत साहेबांनी आणखी एक गोष्ट जाहीर केली: गिऱ्हाइकांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या होत्या. टाळ्या झाल्या.

"तुझा पायगुण रे," साहेब त्याला म्हणाले. "आता बाहेरच्या कंपनीचा विषय संपला. संचालकांच्या सभेत शिक्कामोर्तब करून टाकू."

लॉटरीचे मेल थांबल्याने यंत्रं कशी सुधारली, हे पोस्टमनला काही उमगेना. पण घरी चालून आलेली शाबासकी परत करायला कोण जातं?

त्या रविवारी तो बहिणीकडे गेला. ताईची लाँड्री होती आणि तिच्याकडचं मोठं यंत्र भावाच्याच कारखान्यातलं. ताई कोपरापर्यंत बाह्या सारून टबात चादरी पिळत होती.

"या, पोस्टमनसाहेब! तुमच्याकडे पत्रं वाचतात, की चुलीत घालतात?"

"काय झालं?"

"बघ की. दार अडकलंय. आत हॉस्पिटलच्या चादरी, घाण पाण्यात. मेलवर मेल टाकतेय. उत्तर नाही, पोच नाही."

"फोन करायचास."

"केला. बाई म्हणते, लेखी पाठवा. लेखी पाठवलं तर तुम्ही मूग गिळून बसता. आणि मी दहा जणांना सांगत फिरते, यंत्र घ्या, माझा भाऊ आहे तिथे!"

सोमवारी त्याने आधी कचरापेटी उघडली. ताईचे सगळे मेल तिथे होते. आणि ताई एकटी नव्हती. 'दार उघडत नाही', 'अजून कोणी आलं नाही', 'किती वेळा कळवायचं'... पानच्या पान भरलेलं.

तो तक्रार विभागातल्या बाईंकडे गेला.

"बाई, तुम्ही 'नको' दाबता?"

"दाबते की. एकच माणूस तेच रडगाणं चारदा पाठवतो. एक ठेवते, बाकीच्यांवर बटण. स्क्रीन कशी लख्ख होते! तुम्हीच म्हणालात ना, नको असेल त्यावर दाबा? तक्रार कोणाला हवी असते हो?"

तसंच म्हणाला होता तो. सर्व्हर बिचारा आज्ञाधारक; यंत्र बंद पडल्याचं नाव काढलं की तो पत्र कचऱ्यात ढकलायला शिकला होता.

साहेबांच्या दारापाशी त्याचे पाय जरा घुटमळले. मग तो आत गेला.

"साहेब, तक्रारी कमी झालेल्या नाहीत. माझ्या सर्व्हरने गिळल्यात."

साहेबांनी चष्मा काढला. "मी सगळ्या संचालकांना फोन करून सांगितलंय."

"हो."

"तू गप्प राहिला असतास तर?"

"तर माझी बहीण इथे आली असती, साहेब. तुमची गिऱ्हाईक आहे ती."

साहेबांना हसू आलं नाही. "मग बाहेरच्यांनाच देऊ."

"त्यांचंही शिकणारंच असणार. आणि शिकवणार आपलीच माणसं. आता 'नको' दाबलेलं आधी माझ्याकडे येईल. मी पाहिल्याशिवाय सर्व्हर काही शिकणार नाही."

साहेबांनी चष्मा पुसून परत चढवला. "सभेपर्यंत मुदत. एक जरी खरं पत्र हरवलं, तरी खोली रिकामी. आणि गिळलेल्या प्रत्येकाला तू आणि बाई फोन करा."

दोघांनी फोन केले आणि शेलक्या शिव्या वाटून घेतल्या. मेकॅनिकने ताईच्या यंत्राचं दार उघडलं तेव्हा आलेल्या वासाचं वर्णन तिने भावाला जेवताना ऐकवलं.

सभेपर्यंत एकही पत्र हरवलं नाही. तक्रारींच्या आलेखातली वर चढलेली रेघ साहेबांनी पडेल चेहऱ्याने संचालकांना दाखवली. दार अडकण्याचा दोष त्याच रेघेमुळे सापडला. खोलीत स्टेशनरी आली नाही.

आता रोज सकाळी पोस्टमन 'नको' ठरलेले मेल एकेक करून तपासतो. सभेनंतरच्या सोमवारी सगळ्यात वर साहेबांचं वक्तशीरपणावरचं परिपत्रक होतं. हिशेब विभागातल्या यच्चयावत माणसांनी त्यावर बटण दाबलं होतं, साहेबांच्या सेक्रेटरीनेही. त्याने ते मुकाट्याने 'हवं'मध्ये टाकलं आणि पुढचा मेल उघडला.