काळी पाचवरून खाली

महिन्याभरापूर्वीचा रविवार. पोंभुर्ण्याच्या आमच्या विहारात संध्याकाळी गाण्याची तालीम होती, आणि सुमनबाई सलग चौथ्यांदा आल्या नाहीत. गुडघे दुखतात, असा निरोप होता.

सुमनबाई म्हणजे आमच्या मंडळाचा गळा. बुद्ध-भीमगीतं त्या गातात, मी पेटी वाजवतो, सव्वीस वर्षं झाली. त्या नसल्या की आमचं गाणं म्हणजे बिनमिठाची भाजी.

गुडघ्याचं मला काही पटलं नाही. त्याच गुडघ्यांवर ही बाई यंदाही दुसऱ्यांच्या बांधीत, चिखलात वाकून, धानाचा रोवणा करून आली होती.

माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. मी चौसष्ट वर्षांचा. सगळी नोकरी आलापल्लीच्या लाकूड डेपोत लाकडं उचलण्यात गेली, बोटं तेव्हापासूनच जाड, आणि आता सकाळी मूठ वळायलाही वेळ लागतो. जलद जागा आली की मी मागे पडतो... मला वाटलं, बाईंनी ते ओळखलं, आणि तोंडावर कसं बोलायचं म्हणून गुडघे पुढे केले.

मग काय... मी स्वतःच्याच मागे लागलो. मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगानं टकटक करणारं ॲप घेतलं. पहाटे पाचला उठून बोटं सुटायला सुरांचे पलटे, दुपारी यूट्यूब, परत पलटे. जेवतानाही बोटं ताटाच्या काठावर चालायची. बायको म्हणाली, "तुमी नका झोपू, त्या पेटीले तरी झोपू द्या."

एक दिवस वेग वाढला की खूश, दुसऱ्या दिवशी उतरला की दिवसभर तोंड पाडून. या वयात ही कसली परीक्षा लावून घेतली, असंही वाटायचं. पण बसलो नाही तर त्याहून जास्त तळमळ.

दहा-बारा दिवसांनी हात जरा सुटला. म्हटलं, आता जाऊन सांगावं... बाई, या, मी कमी पडणार नाही.

गेलो तर दार उघडंच. बाई पाठमोऱ्या बसून सुपात तांदूळ निवडत होत्या, आणि गात होत्या. आमचंच गाणं, कार्यक्रमात पहिलं घेतो ते. पण बरंच खालून... आणि काय सांगू, इतका मोकळा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

आमच्यासोबत गाताना वरची ओळ आली की त्या मान ताणायच्या, घाईनं संपवायच्या. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. पण माझं लक्ष माझ्या बोटांवर.

आता त्या गात होत्या काळी तीनमध्ये, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून. आमची सगळी गाणी बसवलेली काळी पाचमध्ये, म्हणजे चांगलीच वर. सा कुठे धरायचा ते गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतं... निदान ठरायला पाहिजे.

"बाई, गुडघे कसे आहेत?" मी विचारलं. त्या दचकल्या, मग हसल्या.

"गुडघ्याले का झालं? गळाच पोचत नाई भाऊ वरतं."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

त्या सूप हलवत राहिल्या. "सांगून का करू? तुमाले तर त्या एकाच पट्टीत येते. चारचौघात खाली घ्या म्हटलं असतं, तर तुमी अडले असते ना."

खरंच होतं ते. मंडळ सुरू झालं तेव्हा मला काळी पाचच नीट यायची, म्हणून सगळी गाणी तिथंच बसवली. तुम्हाला कुठून सोपं जातं, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही.

त्यांचा गळा तरुण होता तोवर त्यांनी निभावून नेलं. आता जमेना, तर बाई गाणं सोडायला तयार झाल्या, पण माझी फजिती करायला नाही. लाज वाटली, खरं सांगतो.

घरी येऊन काळी तीनवर सा धरला. काळी पाचमध्ये सा आणि म एवढे दोनच काळे, बाकी सगळे पांढरे. इथं उलटं... म आणि नी पांढरे, बाकी सगळे काळे. हात सवयीनं जिथं जाई तिथं चुकीचाच सूर.

वेगाचं नावच सोडा, साधं सारेगम अडखळत होतं. उठायचो, अंगणात चक्कर मारायचो, परत बसायचो. एकदा तर भाता आपटून बंद केला. बायको चहा ठेवून गेली, आणि मी परत बसलो.

खालून घेऊ असा निरोप धाडला, आणि परवाच्या रविवारी बाई आल्या. मी विहारात आधीच सगळ्यांना सांगून टाकलं, आज काळी तीन आहे आणि मी चुकणार आहे.

चुकलोच, चारदा. दोनदा तर काही सुचेना म्हणून नुसता सा धरून बसलो. पण बाई थांबल्या नाहीत. डोळे मिटून गात राहिल्या, आणि वरची ओळ घाईनं न संपवता परत घेतली. माझे डोळे भरून आले आणि त्या नादात पाचव्यांदा चुकलो.

गाणं झाल्यावर बाई जरा पुढे सरकल्या, हळूच म्हणाल्या, "भाऊ, आखीन थोडसं खाली येते का?"

आणखी खाली म्हणजे पांढरी चार, परत बोटांची नवी मांडणी. आज पहाटेपासून ती घेऊन बसलोय. येत नाहीये, जीव नुसता खालीवर होतोय... पण सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी माझ्याकडे काही मागितलं आहे.