मधली जागा

कुंभकोणमात लोक व्यंकोबाला झाडूवाला म्हणत. म्हणोत बापडे. ज्यांनी जन्मात आपली बसायची जागा कधी धड पाहिली नाही, त्यांना झाडूवाला आणि फरास ह्यांतला फरक कोण समजावणार? व्यंकोबा फरास होता. तंजावरच्या राजवाड्यात त्याचा आजा फरास, बाप फरास. बैठक कुठं घालायची, पानाचं तबक बैठकीपासून किती हातांवर, समई कुठं, आणि मुख्य म्हणजे कुठं काहीच ठेवायचं नाही, हे त्याला मिसरूड फुटायच्या आत पाठ झालं होतं. बाप म्हणायचा, "आधी मोकळं कर. त्या मोकळ्यात घटकाभर उभा राहा. मग वस्तूला हात लाव."

पुढं राज्य खालसा झालं. वाड्यातल्या चीजवस्तूंच्या याद्या करायला गोरे लोक आले आणि त्यांच्यासाठी बैठक घालायला बोलावलं ते व्यंकोबालाच. त्यानं ती घातली. हात जोडून बाजूला उभा राहिला. ते शल्य त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

बायको कामाक्षीला घेऊन तो कुंभकोणमास आला आणि विठोबाच्या भजनमठात कामाला लागला. दोन वेळचा प्रसाद आणि राहायला मठाच्या मागच्या अंगाला एक खोली, एवढ्यावर त्यानं वीस वर्षं काढली.

मठाचं दालन आठ खांबांचं. समोर विठोबा, भिंतीला टाळ-मृदंग, खाली चटया आणि मधोमध एक उंच पितळी समई. बस्स. एकादशीला दिवेलागणीला मंडळी त्या समईभोवती फेर धरून गात आणि नाचत. वीस वर्षांच्या पावलांनी जमिनीवर त्या फेराची गुळगुळीत वाट पडली होती. व्यंकोबा रोज पहाटे दालन धुई, दारं उघडून, समई जागेवर ठेवण्याआधी मधोमध नुसता उभा राही. कुठली चटई तिरपी पडलीय ते त्याला पायांनाच कळे. त्या दालनात पाऊल टाकलं की बाजारातून भांडून आलेला माणूससुद्धा आपोआप आवाज खाली घेई. हे काय उगाच होतं होय? त्यामागं एका माणसाची रोजची मेहनत होती, पण ती दिसत नव्हती, म्हणून कुणाच्या लेखी नव्हती.

मग मठाची व्यवस्था वैद्यनाथराव वकिलांच्या हाती आली. माणूस वाईट नव्हता, गळा गोड होता. पण कोर्टात साहेबासमोर उभं राहून राहून त्याला आपल्या घरची जमीन दिसेनाशी झाली होती. एका एकादशीला भजन ऐकायला गोरा साहेब येणार असं ठरलं आणि वकिलांना दालनाची लाज वाटू लागली. आठ दिवसांत मद्रासेहून गाड्या भरून सामान आलं. माणूसभर उंचीचे दोन आरसे, झालरीचं गोल मेज, काचेचं झुंबर, टोले देणारं घड्याळ आणि डझनभर खुर्च्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. विठोबा बिचारा आरशाच्या आड अर्धा झाकला गेला.

व्यंकोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यानं मागितलं ते एकच.

"वैद्यनाथराव, भिंतींचं तुम्ही जाणा. मधली जागा तेवढी मोकळी असू द्या."

"मध्ये साहेब बसणार," वकील म्हणाले. "लाल मखमलीची खुर्ची तिथंच मांडा. समई घड्याळापाशी कोपऱ्यात जाऊ द्या. आणि व्यंकोबा, खुर्ची कोणी हलवलेली मला खपायची नाही. हलवाल तर खोली रिकामी करायची."

घरी कामाक्षी म्हणाली, "आपल्याला दुसरं छप्पर नाही. मांडा ती खुर्ची." त्यानं ती मांडली. याद्या करणाऱ्यांसाठी बैठक घातली होती तशीच, मुकाट्यानं.

एकादशी आली. मंडळी भिंतीला चिकटून, खुर्च्यांच्या फटींत अंग चोरून बसली. खुर्चीवर बसायचा धीर कुणालाच होईना. दिवेलागण झाली. साहेब आला नाही. का नाही आला, निरोपसुद्धा नाही. घड्याळानं टोले दिले आणि वाट पाहता पाहता कुणी धरलेला आलाप मध्येच तुटला. शेवटी वकिलांनी मान हलवली, "सुरू करा. येतील मागाहून."

मृदंग वाजला, टाळ लागले. पहिलं पद, दुसरं पद, आणि फेराचं पद आलं. मंडळी उठली, डोळे मिटले, आणि वीस वर्षांच्या सवयीनं पावलं त्या गुळगुळीत वाटेला लागली. पोक्त पोक्त माणसं, कपाळाला बुक्का, डोळ्यांत पाणी, हात वर करून नाचत होती. सगळ्यांत पुढं वैद्यनाथराव. समई कोपऱ्यात घड्याळाशेजारी एकटी जळत होती, आणि हे सगळे भक्तराज फेर धरून होते एका रिकाम्या खुर्चीभोवती.

व्यंकोबा दारातून पाहत होता. त्याला आधी हसू आलं, मग शरम वाटली, मग संताप आला. ज्यानं यायची तसदी घेतली नाही, त्याच्या बसायच्या लाकडाला आपण प्रदक्षिणा घालतोय. आणि ती खुर्ची तिथं मांडली कोणी? आपणच.

तो फेर तोडून आत शिरला. गाणं थांबलं, डोळे उघडले. काय चाललं होतं ते एकेकाला दिसलं, आणि एकेकाची मान खाली गेली.

वकील हळू आवाजात म्हणाले, "व्यंकोबा, मी काय सांगितलं होतं?"

"ध्यानात आहे," व्यंकोबा म्हणाला. "खोली उद्या रिकामी करतो. आजचं काम राहिलंय."

त्यानं खुर्ची खांद्यावर घेतली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. परत येऊन दोन्ही भिंतींकडून पावलं मोजली, घटकाभर तिथं उभा राहिला आणि मग समई आणून ठेवली. म्हाताऱ्या मृदंगवाल्यानं थाप दिली. फेर पुन्हा सुरू झाला. वैद्यनाथरावही फिरले, खालमानेनं.

फिरले खरे, पण बोललेला शब्द मागं घ्यायला छाती लागते. दुसऱ्या दिवशी व्यंकोबा आणि कामाक्षी बोचकं घेऊन तिरुवलंचुळीला तिच्या भावाकडं गेली. एवढ्या मंडळींपैकी कोणी "थांबा" म्हटलं नाही. 

एक एकादशी गेली, आणि तिच्या पुढच्या एकादशीच्या दुपारी वैद्यनाथरावांची बैलगाडी तिरुवलंचुळीत येऊन थांबली. व्यंकोबा अंगण झाडत होता. वकील गाडीतून उतरले, पण उंबऱ्याशी आले नाहीत.

"आरसे काढले," ते म्हणाले. "सामान सगळं काढलं. पण नव्या माणसाला समई मांडता येत नाही. समई जरा सरकली की फेर वाट सोडून खांबावर आदळतो. मधोमध कुठं ते कुणालाच सापडेना."

व्यंकोबानं केरसुणी खाली ठेवली नाही.

"तुम्हांला सापडलं होतं की, वैद्यनाथराव," तो म्हणाला. "खुर्ची मांडायला सांगितलीत ना, तिथंच."