जनीकाकीने धरलेला पाय

आमच्या वाडीत जनीकाकीला घाबरत नाही असा माणूस नाही, आणि जनीकाकी कुणाला घाबरत नाही. वय पंचाहत्तर, नवरा सखाराम कधीच गेला. काजूची बाग एकटी राखते. बागेच्या कोपऱ्यात, जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्याच्या कुंपणात, राखणदाराचं, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचं, ठिकाण आहे. मूर्ती नाही की देऊळ नाही, शेंदूर लावलेला एक दगड, एवढंच. दर अमावास्येला काकी तिथे नारळ ठेवते. त्या जागेत पायात काही घालून जायचं नाही. मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यालासुद्धा तिने ‘आदी चपला काड’ म्हणून गडग्याबाहेर उभं केलं होतं.

मी महिपत, या गावचा पोलीस पाटील. हे पद ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात साहेब आले की खुर्ची आणायची आणि साहेब गेले की आत ठेवायची.

काकीच्या मुंबईतल्या पुतण्याला, अनिलला, बागेतला आपला हिस्सा वेगळा करून हवा होता. त्याने अर्ज केला आणि दीड वर्षापूर्वी मोजणीचे साहेब आले. बरोबर एक पोलीस होता. काकीने मोजणीला काही हरकत घेतली नाही. ‘मोजा ना, जमीन काय पळून जाते?’ म्हणाली, आणि सगळ्यांना कोकम सरबत दिलं.

मोजत मोजत साहेब गडग्यापाशी आले. पायात जाड बूट, डोळे हातातल्या यंत्रावर. काकी माझ्याकडे बघून म्हणाली, “महिपत, राखनदाराची जागा हाय. बूट काडा म्हनाव त्येंना.”

सांगणं माझं काम होतं. पण माझ्या नेमणुकीच्या नूतनीकरणाचा कागद तेव्हा प्रांत कचेरीत पडला होता. साहेबाला बूट काढायला सांगितलं आणि त्याने वर काही बोलून ठेवलं तर? मी म्हणालो, “काकी, तूच सांग. तुला कोण नाय म्हणतंय?”

ती गेली. दोनदा सांगितलं. साहेबांच्या कानाला फोन होता. त्यांनी एक पाय गडग्यावरून पलीकडे टाकायला उचलला आणि काकीने खाली बसून तो पाय धरला, दुसऱ्या हाताने नाडी सोडायला लागली. शाळेतून आलेल्या नातवाचा बूट आजी काढते, तशी. साहेबांचा तोल गेला. ते दगडांवर पडले आणि मनगट मोडलं.

गुन्हा नोंदला गेला. भारतीय न्याय संहिता, कलम १३२, सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला. हवालदाराने माझा जबाब घेतला. तिने साहेबांचा पाय धरला का? धरला. साहेब पडले का? पडले. सही करा. मी केली. एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्या कागदाइतका खोटा कागद मी आयुष्यात पाहिलेला नाही. कशासाठी धरला ते हवालदाराने विचारलं नाही आणि मी मूग गिळून बसलो. दुसऱ्या दिवशी काकीला अटक करून पोलिसांच्या गाडीत बसवताना गाडीचं दार मीच उघडून धरलं.

तिने कुणालाही सांगितलं नाही की मला महिपतने पुढे पाठवलं. पोलिसांना नाही, वकिलाला नाही. मला खात्री होती, एक ना एक दिवस सांगेल. त्या दिवसाची वाट बघण्यातच मी अर्धा झालो. जामिनाची अट होती की बागेत पाऊल ठेवायचं नाही. काकीने ती अक्षरशः पाळली. माझं नूतनीकरण झालं.

रत्नागिरीच्या कोर्टात माझी साक्ष निघाली तेव्हा तिच्या वकील योगिनीबाईंनी सरळ विचारलं, “पाय कशासाठी धरला?”

“बूट काढायला,” मी म्हणालो. “सांगायचं काम माझं होतं. मी भ्यालो आणि तिला पुढे केलं.”

“हे जबाबात का नाही?”

“लाज वाटली, म्हणून सांगितलं नाही.”

पंधरा दिवसांनी निकाल लागला. काकी निर्दोष सुटली. मला वाटलं, फिटलं आपलं. एस.टी. स्टँडवर तिने नारळ घेतला आणि मला विचारलं, “दीड वर्सं माजा नारळ चुकला. तू तरी ठेवलास ना रे?”

तिथे मी एकदाही फिरकलो नव्हतो. कोणत्या तोंडाने जाणार? पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ‘नाही’ म्हणायला जीभ वळलीच नाही. “ठेवला,” म्हणालो. शपथेवर खरं बोलून पंधरा दिवस झाले होते फक्त.

“मग माज्या जिवाला घोर नाय,” ती म्हणाली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

मला वाटलं होतं, ती घरी जाईल आणि तेवढ्यात मी पुढे जाऊन जागा साफ करीन. पण गाडीतून उतरली ती थेट बागेत शिरली. मी मागोमाग. गडग्यापाशी ती थांबली. कमरेएवढं रान माजलेलं, दगड दिसतच नव्हता. एक करवंटीसुद्धा पडलेली नव्हती. काकी बघत राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

तिने चपला काढल्या. मग माझ्या पायांकडे पाहिलं. कोर्टात जायचं म्हणून मी बूट घातले होते.

“काकी, मी काढतो,” मी घाईने म्हणालो.

पण ती खाली बसली होती. तिने माझा पाय धरला आणि नाडी सोडायला लागली.