दसऱ्याचं कुंकू आणि अडकलेला चोक

दसऱ्याला आई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरातलं यच्चयावत हत्यार पुजतात. विळी, कोयती, नवऱ्याचं ड्रिल मशीन, सगळं पाटावर. मी ट्रॅप शूटिंग, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या बंदुकीनं फोडायचा खेळ, सुरू केल्यापासून त्यांच्या रांगेत माझी बंदूकही आली. परवाना माझा, कपाटाची किल्ली माझ्याकडे, त्यामुळे मीच ती उघडून, रिकामी असल्याची खात्री करून पाटावर ठेवते. सुरुवातीला आमच्या भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतल्या शेजारणींनी नाकं मुरडली होती. आईंनीच त्यांना जिन्यात गाठून सुनावलं, "तुमच्या सुना दिवसभर मोबाइल धरतात, आमची बंदूक धरते. काय म्हणणं आहे?" रत्नागिरीची बाई, तोंडाला लागायचं कुणी!

एका वर्षी मात्र पोलादावर कोरडं कुंकू टिकेना, म्हणून आईंनी ते खोबरेल तेलात कालवलं आणि नळीच्या तोंडाशी सढळ हातानं माखलं. मी नंतर फडक्यानं पुसून घेतलं. वरून सगळं लख्ख दिसत होतं.

नळीच्या तोंडात चोक असतो. बोटभर लांबीची पोलादी नळी, बाहेरून आटे पाडलेली, स्क्रूसारखी फिरवून बसवायची. तिचं भोक निमुळतं असेल तर छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात, सैल असेल तर लवकर पसरतात. लांब उडणारी चकती फोडायला निमुळताच हवा. दसऱ्याला नळीत सैल चोक होता, कारण त्याआधी मी जवळच्या चकत्यांचा सराव करत होते. मग ऑफिसच्या कामात बंदूक कपाटात राहिली. आणि आमची हवा कशी, तर खाडीची. इथे खिडकीच्या बिजागऱ्या गंजतात, तिथे तेला-कुंकवाचा लगदा आट्यांत शिरल्यावर काय होणार?

राज्य स्पर्धा दसऱ्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी होती. राष्ट्रीयला जायचा स्कोअर दरवर्षी माझ्या हातातोंडाशी येऊन निसटायचा, आणि या वेळी मी जिद्दीला पेटले होते. त्याआधीच्या गुरुवारी सकाळी चोक बदलायला त्याची चावी लावली. हलेना. जोर लावला, तरी हलेना. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात आणा, नाहीतर कापावा लागेल.

नवरा तेवढ्यात पाइप पाना घेऊन हजर. "एक झटका देतो, बघ कसा सुटतो."

"हात लावलास तर याद राख!" मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. "पातळ पोलाद आहे ते. दबलं की आटे गेले, आणि आटे गेले की नळीच गेली."

आई दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं. त्या देवासमोर जाऊन बसल्या. "माझ्या हातानं अपशकुन झाला गो," एवढंच म्हणाल्या. मला ते सहन होईना. त्या माझ्यासाठी जिन्यात भांडल्या होत्या. आता ही स्पर्धा हातची गेली तर ती बाई जन्मभर स्वतःला दोष देत बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग तर मला तो चोक काढायचाच होता.

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात हार्डवेअरवाल्याकडे गेले. "अंकल, जंग छुडानेवाला स्प्रे दो."

"किस के लिए, भाभी? नल के लिए?"

"बंदूक के लिए."

त्याचा हात फळीवरच थबकला. मग त्यानं सगळ्यात महागडा डबा काढून दिला, आणि मी घासाघीस न करताच भाव कमी केला!

घरी येऊन नळी सुटी केली, चोकच्या कडेनं स्प्रे मारला आणि तोंड वर करून, फडक्यावर उभी टेकवून ठेवली, म्हणजे तेल आट्यांत उतरेल. ऑफिसला गेले, आले, पुन्हा मारला. शुक्रवारीही तेच. शनिवारी सकाळी नळीच्या तोंडाला बाहेरून हेअर ड्रायरनं शेक दिला. चावी नीट खाचेत बसवली आणि आधी उलटा नाही, किंचित सुलटाच दाबला. मग उलटा. मग परत सुलटा. नवरा मागून म्हणाला, "अगं, घट्ट करतेयस की काढतेयस?" मी तोंडाशी आलेली शिवी गिळली आणि परत उलटा दाबला.

आणि कट्! केसभर हलला. हलला रे हलला! मी किंचाळलेच. पण घाई केली नाही. थोडा पुढे, थोडा मागे, मध्ये तेल, असं करत करत तो बाहेर आला. आट्यांत लालभडक लगदा आणि गंज. टूथब्रश आणि सॉल्व्हंट घेऊन चोकचे आटे घासले, मग नळीच्या आतले, मग सुती फडक्यानं पुसून कोरडे केले. टॉर्च लावून बघितलं. एकही आटा दबलेला नव्हता. काय सांगू, त्या क्षणी मला बाळंतपण झाल्यासारखं मोकळं वाटलं! आट्यांना ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि निमुळता चोक लावला. नुसत्या बोटांनी गरगर फिरत जागेवर बसला. शेवटी चावीनं हलकेच आवळला.

"आई, सुटला!" मी ओरडले.

"सुटला ते ठीक," त्या देवघरातूनच म्हणाल्या. "उद्या काय होतंय ते बघू." आणि दुसऱ्या दिवशी हट्टानं आमच्याबरोबर गाडीत बसल्या.

घाटापलीकडच्या रेंजवर पहिल्या फेरीतच माझ्या दोन चकत्या निसटल्या. मागे खुर्चीत आई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी मनाशी म्हटलं, बाई गं, चुकायचं असेल तर घरी जाऊन चूक, इथे नाही. मग मात्र हात असा बसला की विचारू नका. चकती उडाली की फुटली, उडाली की फुटली, नुसता धूर! स्कोअर पुकारला तेव्हा मी राष्ट्रीयसाठी पात्र ठरले होते, तेही वर गुण शिल्लक ठेवून. आनंदानं मला रडू फुटलं.

आईंना आकडे कळले नव्हते. त्या माझा दंड धरून विचारायला लागल्या, "गेलं की मिळालं गो? नीट सांग."

"मिळालं, आई! मिळालं!"

त्या मटकन खुर्चीत बसल्या. "मग आधी मला काहीतरी खायला आण," म्हणाल्या. "गुरुवारपासून चहाशिवाय पोटात काही गेलेलं नाही माझ्या."

मी कँटीनकडे धावले. आईंनी दोन वडापाव एका दमात संपवले आणि तिसरा मागितला.