बदलायचा राहिलेला डायनामो

माझ्या ट्रकचा डायनामो आणि माझी बायको, दोघंही एकाच महिन्यात रुसली.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं आणि माझा ट्रक जुना. मिस्त्री म्हणाला, "डायनामो बदल बे आता! बॅटरी चार्ज होऊन नाही राह्यली."

"पुढच्या खेपेनंतर पाहू," मी म्हटलं. डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की विजेवाचून चालत राहतं. (लग्नाचंही मी तसंच धरून चाललो होतो!) मी सदा सरकी वाहत बाहेर, बायको कंटाळून अमडापूरला माहेरी गेली. मग जानेफळच्या घरात भांड्याला भांडंसुद्धा लागेना. फार एकटं वाटायचं. शेवटी तिला आणायला निघालो.

बॅटरी उतरलेली, म्हणून सासुरवाडीच्या दारात इंजिन चालूच ठेवलं. सासरे भडकले.

"जवाईबापू, एवढी कायची घाई? बंद करा ते, जेवाले चला!"

सासऱ्यापुढे कोणाचं चालतं? बंद केलं. जेवून आलो तर सुरूच होईना! अर्धी गल्ली ढकलायला धावली. बायकोनंही पदर खोचला. सासूबाई मागं हौद्यात चढून लेकीची पेटी लावत होत्या. उतारावर इंजिन भडभडलं आणि मी जो सुटलो! आरशात सगळे हात हलवताना दिसले. मीही ऐटीत हलवला.

तेवढ्यात हौद्यातून बाईचा आरडाओरडा ऐकू आला. म्हणजे बायको मागंच चढली तर! थांबायची सोय नव्हती. (बंद पडलं तर रानात ढकलणार कोण?) पण खरं सांगतो, किती दिवसांनी कोणीतरी माझ्यावर ओरडत होतं! जीव सुखावला.

मीही ओरडलो, "रागाऊ नको वं! तुह्यावाचून घर खाले उठते मले! एकट्याच्या घशाखाली भाकर उतरत नाही!"

मागं एकदम शांतता. मला चेव चढला. "हिरव्या लुगड्यात तू लय गोड दिसते!" असं पार जानेफळपर्यंत चाललं.

घरी येऊन मागचा फाळका उघडला. पेटीवर सासूबाई! पदरानं डोळे पुसत.

"जवाईबापू, हे पोरीले सांगाचं! मले काऊन सांगता?"

दुसऱ्या दिवशी आधी डायनामो बदलला, मग सासूबाईंना घेऊन अमडापूर गाठलं. बायको समोर आली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी सासूबाईंनीच भर अंगणात सगळं म्हणून दाखवलं, लुगड्यासकट! बायको हसू दाबत केबिनमध्ये येऊन बसली.

तेव्हापासून बायकोशी काही गोड बोलायचं असलं, की मी आधी सासूबाईंना बोलावणं धाडतो!